मुक्तांबेचे घर

तंजावरहून पट्टुकोट्टैच्या रस्त्याने दक्षिणेकडे निघाले की सुमारे २५ किलोमीटरवर ओरत्तनाडु हे गाव लागते. भाताची शेते, नारळीची झाडे आणि बाजारपेठेची वर्दळ यांमुळे ते त्या भागातील इतर गावांसारखेच दिसते. मात्र या गावाला आणखी एक नाव आहे. ते म्हणजे मुक्तांबाळपुरम्. ज्या स्त्रीवरून हे नाव पडले, ती सिंहासनावर बसली नाही, तिने लढाई जिंकली नाही की ग्रंथ रचला नाही. राजाची विवाहित राणी हा मानही तिच्या वाट्याला आला नाही. तरीही दोनशे वर्षांहून अधिक काळ तिचे नाव गावाला चिकटून राहिले आहे. त्याचे कारण एकच. तिच्या नावाने या ठिकाणी अनोळखी वाटसरूसाठी एक दार उघडले गेले आणि ते पुढे कित्येक वर्षे उघडे राहिले.

मुक्तांबा ही तंजावरचे राजे दुसरे सरफोजी भोसले यांची प्रिय सहचरी. तिचे आयुष्य ऐन तारुण्यातच संपले. एखादी वृद्ध, प्रेमळ स्त्री ज्या माणसांच्या गर्दीत दिवस काढते, ओसरीवर आलेल्या-गेलेल्याची विचारपूस करते, कुणाच्या बाळंतपणाला धावते, कुणाच्या पोरक्या मुलाला पोटाशी धरते, तसे दीर्घायुष्य तिला लाभले नाही. पण ते सारे तिच्या घराने तिच्या वतीने केले. म्हणून मुक्तांबेचे चरित्र सांगायचे, तर ते तिच्या मृत्यूपाशी थांबवून चालत नाही. त्याचा मोठा भाग तेथून पुढेच घडला आहे.

त्या घराचा पाया समजण्यासाठी ज्याने ते बांधले, त्याच्या बालपणाकडे पाहावे लागते. सरफोजींचा जन्म २४ सप्टेंबर १७७७ रोजी भोसले घराण्याच्या एका शाखेत झाला. तंजावरचे राजे तुळजाजी यांना वारस उरला नव्हता. मृत्यू समीप आल्यावर त्यांनी १७८७ च्या जानेवारीत या मुलाला दत्तक घेतले. तेव्हा त्याला दहावे वर्ष चालू होते. तुळजाजींनी त्याला ख्रिस्ती धर्मोपदेशक श्वार्ट्झ यांच्या स्वाधीन केले आणि काही दिवसांतच प्राण सोडला. गादीवर मात्र तुळजाजींचे सावत्र भाऊ अमरसिंह आले. दत्तकपुत्र राजवाड्यातच नजरकैदेत पडला. त्याच्या शिक्षणाची आणि सुरक्षिततेची चिंता करणारी माणसे मोजकी होती. तुळजाजींच्या विधवा राण्या सुलक्षणाबाई व गिरिजाबाई आणि वृद्ध होत चाललेले श्वार्ट्झ हीच काय ती मायेची माणसे. अखेर १७९३ मध्ये राण्यांसह त्याला मद्रासला हलवण्यात आले.

जन्मदात्यांचे घर सुटले, दत्तक पित्याचे छत्र हरपले, राजवाड्यात राहूनही तो परका ठरला आणि शेवटी शहरही सुटले. वयाच्या सोळाव्या वर्षापर्यंत ज्याच्या पायाखालची जमीन इतक्या वेळा सरकली, त्या मुलाला आसरा म्हणजे काय हे कुणी शिकवण्याची गरज नव्हती. मद्रासला इंग्रजी व पाश्चात्त्य विद्यांचे जे शिक्षण मिळाले, त्याने त्यांचे मन विस्तारले. पण परक्या दारात उभे राहण्याचा अनुभव हाच त्यांचा अधिक खोलवर गेलेला धडा असावा, असे त्यांच्या पुढच्या कामांवरून वाटते.

२९ जून १७९८ रोजी सरफोजींना तंजावरची गादी मिळाली. त्याआधी काही महिन्यांपूर्वीच, फेब्रुवारीत, श्वार्ट्झ निवर्तले होते. राज्य मिळाले तेही फार काळ हाती राहिले नाही. २५ ऑक्टोबर १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. राजाकडे तंजावरचा किल्ला आणि त्याचा परिसर तेवढा उरला. निर्वाहासाठी दरसाल एक लक्ष पागोडा आणि निव्वळ महसुलाचा एकपंचमांश हिस्सा ठरला. वयाच्या बावीस-तेविसाव्या वर्षी सरफोजी हे राज्य नसलेले राजे झाले. या काळात मुक्तांबा त्यांच्यासोबत होती आणि याच काळात मृत्यूने तिला नेले.

तंजावर प्रांतात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात की, अखेरच्या आजारात मुक्तांबेने राजाकडे एकच मागणे मागितले. आपल्या नावाने एक अन्नछत्र बांधावे, एवढीच तिची इच्छा होती. ज्या स्त्रीचे नाव वंशावळीत राणी म्हणून लागणार नव्हते, तिने आपले नाव दगडी समाधीवर किंवा देवळाच्या कळसावर मागितले नाही. तिने ते जेवणाच्या पंगतीवर मागितले. या मागण्यात तिचा स्वभाव जेवढा दिसतो, तेवढा लांबलचक चरित्रातूनही क्वचित दिसला असता.

राजाने ते मागणे पुरे केले. १८०२ च्या सुमारास ओरत्तनाडु येथे मुक्तांबेच्या नावाचे छत्र उभे राहिले. तंजावरच्या मराठी राजघराण्यात स्त्रियांच्या नावाने छत्रे घालण्याची रीत आधीपासूनच होती. नीडामंगलम् येथे यमुनांबेचे, मणमेल्कुडी येथे द्रौपदांबेचे छत्र आहे. आता त्याच मालिकेत मुक्तांबेचे नाव बसले. दरबारी मानापमानाच्या त्या काळात ही गोष्ट लहान नव्हती. वाटेवरून थकून आलेल्या यात्रेकरूला कोणती अंबा राणी होती आणि कोणती नव्हती, याचे काहीच कारण नव्हते. त्याच्या लेखी सगळ्याच अन्नदात्या होत्या.

छत्राची जागाही विचारपूर्वक निवडलेली होती. तंजावरहून समुद्रकाठाने रामेश्वराकडे जाणारी यात्रेची वाट या भागातून जाई. उत्तरेकडून काशीची गंगा कावडीत घेऊन निघालेले यात्रेकरू महिनोन्‌महिने चालत दक्षिणेस येत. रामेश्वराला अभिषेक करीत, सेतूवरची वाळू घेत आणि पुन्हा काशीच्या दिशेने माघारी फिरत. त्यांत महाराष्ट्रातील माणसेही असत. कावेरीचा मुलूख ओलांडल्यावर पुढची वाट उन्हाची, परक्या भाषेची आणि अंगातले बळ संपवणारी होती. अशा वाटेवर भरभक्कम भिंती, सावलीच्या ओसऱ्या आणि चुलीवर चढलेला भात दिसणे, याचे मोल आज कल्पनेनेच जाणावे लागते. इमारतीच्या दगडी बांधणीत घोडे आणि हत्ती कोरलेले आहेत. ते जणू एखादा रथच ओढून नेत आहेत, असा भास व्हावा. एका जागी स्थिर असलेल्या या घराला शिल्पकारांनी प्रवासाचे रूप दिले, हे त्याच्या कामाला साजेसेच होते.

तंजावरच्या छत्रांमध्ये काय चाले, याचे तपशीलवार वर्णन सरफोजींनी १८०१ च्या जानेवारीत कंपनीच्या रेसिडेंटला लिहिलेल्या पत्रात आहे. हे पत्र एका भीतीतून जन्मले होते. महसूल कंपनीच्या हाती गेल्यावर छत्रांना लावून दिलेली उत्पन्नेही जातील आणि पूर्वजांनी चालवलेले अन्नदान बंद पडेल, अशी धास्ती राजाला होती. राज्य गेल्याचे दुःख त्यांनी गिळले होते. परंतु छत्रांच्या बाबतीत ते गप्प बसले नाहीत. सैन्य किंवा सत्ता मागण्याऐवजी या तरुण राजाने वाटसरूंच्या भातासाठी रदबदली केली. तंजावरच्या इतिहासातील हा एक मोठा प्रसंग आहे, जरी त्यात तलवार कोठेही नाही.

त्या पत्रातून दिसणारी व्यवस्था अशी होती. ब्राह्मणापासून समाजाने सर्वांत खाली ढकललेल्या माणसापर्यंत, तसेच जोगी, जंगम, बैरागी, अतीत अशा सर्वांना छत्रात अन्न मिळे. ज्यांना शिजलेले चाले त्यांना शिजवलेला भात, आणि जे दुसऱ्याच्या हातचे खात नसत त्यांना कोरडा शिधा मिळे. जातीचे सोवळे-ओवळे छत्राने मोडले नाही, ते त्या काळात मोडणेही सोपे नव्हते. पण दारात आलेल्या कोणालाही विन्मुख पाठवायचे नाही, हा नियम मात्र पाळला गेला. अन्नवाटप मध्यरात्रीपर्यंत चाले. मध्यरात्री घंटा वाजवून पुकारा होई की, अद्याप कोणी उपाशी राहिले असेल तर त्याने येऊन जेवून जावे.

या घंटेचा विचार केला म्हणजे मुक्तांबेच्या घराचे मन कळते. दान पुष्कळ ठिकाणी होते. मागणारा आला तर देणारे हात कमी नसतात. पण जो लाजेने मागू शकला नाही, जो अंधारात उशिरा पोहोचला, ज्याला भाषा येत नसल्याने विचारता आले नाही, त्याला स्वतःहून हाक मारणे हे केवळ दात्याचे काम नव्हे. ते घरातल्या वडीलधाऱ्या बाईचे काम आहे. सर्वांची जेवणे आटोपल्यावर जी स्वयंपाकघराचे दार ओढण्यापूर्वी एकदा ओसरीवर डोकावून कोणी राहिले तर नाही ना, हे पाहते, तिचाच तो आवाज होता.

छत्राचे काम पंगतीवर संपत नसे. आजारी पडलेल्या वाटसरूला औषध आणि पथ्याचे जेवण मिळे आणि बरा होईपर्यंत त्याला ठेवून घेतले जाई. त्यासाठी वैद्य नेमलेले असत. अंगावरील सुजेवर आणि सर्पादिकांच्या विषावर इलाज करणारे जाणकारही असत. वाटेत दिवस भरलेल्या स्त्रीचे बाळंतपण छत्राच्या खर्चाने होई आणि त्यानंतर तीन महिने तिला तेथे राहता येई. तान्ह्या मुलांसाठी दूध दिले जाई. ऋतू प्रतिकूल झाल्यामुळे पुढे जाता येत नसेल, तर तेवढे दिवस मुक्काम करण्यास कोणाची हरकत नसे.

आणि मुले. यात्रेत आई-बाप दगावले आणि मूल मागे उरले, असे त्या काळी वारंवार घडे. पटकी किंवा तापाने एका रात्रीत कुटुंबे उजाड होत. अशा परदेशी पोरक्या मुलाचा ताबा छत्रातील शिक्षकाकडे दिला जाई. त्याला दिवसातून तीन वेळा जेवण मिळे, दर चौथ्या दिवशी तेलाने न्हाऊ घातले जाई, कपडे दिले जात, दुखले-खुपले तर औषध मिळे आणि ज्या विद्येकडे त्याचा कल असेल ती शिकवली जाई. एका राजाच्या पत्रव्यवहारात पोरक्या मुलाच्या अंगाला तेल लावण्याची नोंद असावी, ही गोष्ट थक्क करणारी आहे. दहाव्या वर्षी परक्या वाड्यात एकटा पडलेला मुलगाच मोठेपणी असला तपशील विसरत नाही.

चार वेदांचे अध्यापन करणारे आचार्य आणि मुलांना लिहायला-वाचायला शिकवणारे पंतोजी हेही छत्राच्या परिवारातले होते. जेथे भात शिजे तेथेच अक्षरे गिरवली जात, ही तंजावरची रीत ओरत्तनाडूलाही आली आणि मुक्तांबेच्या छत्रात शाळा भरू लागली. सरफोजींचा शिक्षणाचा ध्यास सर्वश्रुत आहे. १८०५ च्या सुमारास त्यांनी तंजावरला देवनागरी छापखाना काढला. त्या छापखान्यातून इसापाच्या गोष्टींचा बालबोध मुक्तावली हा मराठी अनुवाद बाहेर पडला. मराठीतील अगदी आरंभीच्या मुद्रित पुस्तकांत त्याची गणना होते. मुंबई-पुण्यात मराठी शालेय पुस्तके छापली जाऊ लागण्याच्या आधी कावेरीच्या काठी मराठी मुलांसाठी गोष्टींचे पुस्तक तयार झाले होते. सरफोजींच्या नावावर असलेल्या देवेंद्र कुरवंजी या मराठी नाटकात तर एक भविष्य सांगणारी स्त्री गाण्यांतून जगाचा भूगोल समजावून देते. सरस्वती महाल ग्रंथालयाची त्यांनी केलेली वृद्धी आजही विद्वानांना तंजावरकडे खेचते.

याच राजाने आपल्या दोन प्रिय व्यक्तींच्या मृत्युशय्येचे स्मरण कसे जपले, हे शेजारी-शेजारी ठेवून पाहण्याजोगे आहे. गुरू श्वार्ट्झ यांच्यासाठी त्यांनी लंडनचे नामवंत शिल्पकार जॉन फ्लॅक्समन यांच्याकडून संगमरवरी शिल्प घडवून आणले. तंजावरच्या लहान किल्ल्यातील चर्चमध्ये ते आहे. त्यात आसन्नमरण गुरूचा हात धरलेले सरफोजी दिसतात. मुक्तांबेसाठी असा संगमरवर नाही. तिच्यासाठी रोज चूल पेटे, रोज भांडी घासली जात, रोज नवी माणसे येत आणि जात. एक स्मारक डोळ्यांनी पाहण्याचे, दुसरे हातांनी चालवण्याचे. पहिल्याला फक्त धूळ झटकणारा माणूस लागतो. दुसऱ्याला प्रत्येक पिढीत नव्याने कोणीतरी उभे राहावे लागते. मुक्तांबेच्या वाट्याला आलेले स्मारक अधिक कठीण होते.

ही कठीण परीक्षा लवकरच आली. ७ मार्च १८३२ रोजी सरफोजी निवर्तले. त्यांचे पुत्र शिवाजी १८५५ मध्ये पुत्रसंतती न ठेवता वारले आणि कंपनीने तंजावरचे राज्यपद संपुष्टात आणले. छत्रांची मालकी सरकारकडे आणि पुढे कारभार स्थानिक बोर्डाकडे गेला. दरम्यान काळाची चालही बदलली होती. १८६१ मध्ये नागपट्टणम्‌हून तंजावरपर्यंत आगगाडी धावू लागली. १९१४ मध्ये पांबनचा पूल होऊन ती थेट रामेश्वराच्या बेटावर पोहोचली. महिनोन्‌महिने पायी चालणारा यात्रेकरू दिसेनासा झाला. ज्याच्यासाठी हे घर बांधले तो पाहुणाच आता वाटेवर उरला नव्हता.

पाहुणे संपले म्हणजे पुष्कळ घरे ओस पडतात. मुक्तांबेच्या घराला मात्र नवे पाहुणे मिळाले. ते होते विद्यार्थी. छत्राच्या उत्पन्नातून शाळा आणि मुलांच्या राहण्या-जेवणाची सोय होऊ लागली. खेड्यापाड्यांतून शिकायला आलेला मुलगा हाच या युगाचा यात्रेकरू ठरला. त्याचे रामेश्वर वेगळे होते, पण भूक तीच होती.

येथेच या घराच्या आयुष्यातील एक खेदजनक वळण आले. ज्या छत्राचे दार जातपात न विचारता सर्वांना उघडे होते, त्याच्याच पैशावर चालणाऱ्या वसतिगृहातली जागा ब्राह्मण विद्यार्थ्यांपुरती राहिली. शिधा आणि शिजलेला भात असा भेद जुन्या छत्रातही होता. परंतु तेथे उपाशी कोणी परत जात नसे. आता मात्र शिकू पाहणाऱ्या गरीब शेतकऱ्याच्या मुलाला उंबऱ्यापाशीच थांबावे लागे. मध्यरात्रीची घंटा कधीच बंद झाली होती आणि बाहेर कोण राहिले आहे, हे पाहायला कोणी डोकावत नव्हते.

ते दार पुन्हा उघडले, ते ए. टी. पन्नीरसेल्वम् यांच्या कारकिर्दीत. जस्टिस पक्षाचे हे पुढारी १९२० नंतरच्या दशकात तंजावर जिल्हा बोर्डाचे अध्यक्ष झाले. छत्रांचे मूळ दान सर्वांसाठी होते, तर त्याचा लाभ एका वर्गापुरता का, हा त्यांचा रोखठोक प्रश्न होता. ओरत्तनाडु आणि राजामडम् येथील वसतिगृहे त्यांनी ब्राह्मणेतर विद्यार्थ्यांनाही खुली केली. मुक्तांबा मराठी राजाच्या परिवारातली आणि पन्नीरसेल्वम् तमिळ मातीतले. दोघांमध्ये सव्वाशे वर्षांचे अंतर होते. पण तिने मागितलेली पंगत त्यांनी पुन्हा पूर्ण मांडली, असे म्हणणे वावगे होणार नाही. या निर्णयाचा लाभ घेऊन शिकलेल्या मुलांच्या पिढ्या त्या जिल्ह्यात पुढे आल्या.

मुक्तांबेच्या आयुष्याचा हिशेब असा आहे. स्वतःच्या वाट्याला आलेली वर्षे थोडी. तिच्या घराच्या वाट्याला आलेली वर्षे दोनशेंहून अधिक. त्या काळात तिच्या नावाखाली संन्यासी जेवले, बैरागी झोपले, परक्या मुलखातल्या बायका सुखरूप बाळंत झाल्या, पोरकी मुले न्हाऊन-माखून अक्षरे गिरवू लागली आणि वह्या-पुस्तके घेऊन आलेल्या विद्यार्थ्यांनी रात्रीचे दिवे जाळले. यांतील बहुतेकांना ती कोण होती, हे ठाऊक नसावे. आजीच्या हातचे खाणारी नातवंडेही तिचे चरित्र कोठे विचारतात! पोट भरून उठणे आणि पुढच्या वाटेला लागणे, एवढेच त्यांच्याकडून अपेक्षित असते.

सरफोजींचे राज्य गेले, तह जुने झाले, यात्रेची वाटही पुसट झाली. टिकले ते मरणाच्या दारातून एका स्त्रीने केलेले मागणे. कोणतीही संस्था साठ वर्षे चालो की दोनशे, तिचे वय भिंतींवरून ठरत नाही. दार ओढण्यापूर्वी बाहेर कोणी राहिले आहे का, हे पाहण्याची सवय तिच्यात शिल्लक आहे की नाही, यावरून ते ठरते. ओरत्तनाडूच्या त्या घराने ही सवय एकदा गमावली आणि पुन्हा मिळवली. म्हणूनच ऐन तारुण्यात गेलेली मुक्तांबा त्या गावात दीर्घायुषी ठरली.